सांडलेल्या पाण्याचा रकाना

उलानबातरच्या उत्तरेकडच्या टेकडीवर
माझी पाणी विकायची खोली :
एक खिडकी, एक नळी, एक वही.
वहीत तीन रकाने.
आलं. विकलं. सांडलं.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी
शाळेतल्या त्सेल्मेग बाई चाळीस रोपं घेऊन आल्या,
जार्गलच्या कोळशाच्या ट्रकमधून.
मुळांभोवती ओलं गोणपाट, अंगभर काजळी.
एल्मची रोपं. काठ्याच म्हणा,
टोकाला राईएवढे कोंब.

खणायला सतरा जण आले.
हातभर खाली जमीन अजून गोठलेलीच.
पहार आपटली की असा आवाज यायचा
जसं खाली कुणी कडी लावून बसलंय.
जार्गलने थर्मासमधला खारट चहा
खड्ड्यात ओतून पाहिला.
सगळे हसले. जमीन हलली नाही.

म्हातारा गोंचिग कुंपणाला टेकून बघत होता.
पायात जुने बूट, टोकं वर वळलेली.
"मातीला ओरखडा उठू नये
म्हणून आपले बूट असे असतात,
आणि तुम्ही पहारी घेऊन निघालात?"

कुणी उत्तर दिलं नाही. काय देणार?
आम्ही सगळेच इथे आलो ते
कळप उभ्याउभ्या गोठले त्या हिवाळ्यानंतर,
आपापला गोल तंबू या चौकोनी फळ्यांत कोंबून.
तात्पुरते.
अकरा वर्षं झाली, तात्पुरते.
झाड लावायचं म्हणजे
तोंडाने कबूल करायचं
की आता इथून उठणं नाही.
म्हातारा चिडला होता तो मातीसाठी,
की या कबुलीसाठी, देव जाणे.

मग पाण्याचं आलं.
रोपाला आठवड्याला दहा लिटर.
चाळिसांना चारशे.
त्सेल्मेग बाईंनी पर्स उलटी केली,
त्यातून खडूचे तुकडे जास्त पडले.
पोरं रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत,
सर्वांत पुढे तुमेन, शेंबूड बाहीला पुसत,
"काकू, आम्ही थोडंथोडंच नेतो."
मी नळी सोडली
आणि वहीत लिहिलं :
सांडलं, चारशे.

दर शनिवारी सांडलं.
ऑगस्टमध्ये कचेरीतला माणूस आला,
उतारावर घसरून गुडघा मळवून घेतलेला.
"नळी फुटलीय का?"
"नाही."
"मग एवढं पाणी सांडतं कुठे?"
मी खिडकीची काच पुसली.
तो बराच वेळ बाहेर बघत राहिला.
मग माझ्या पगारातून अर्धं कापायचं ठरवलं.
उरलेलं अर्धं कसं सुटलं
ते त्याने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

आठ रोपं उन्हाळ्यात वाळली,
पाच बोल्दच्या गाईने खाल्ली.
एक जानेवारीत कुणीतरी चुलीत घातलं.
बर्फात खळगा तेवढा राहिला,
आणि चुलीपर्यंत गेलेली पावलं
सगळ्यांना ओळखता येत होती.
कुणी त्या दारात गेलं नाही.
उणे पस्तीस होतं,
आणि त्या घरात तान्हं मूल.

बाकीची होती तशीच उभी, काळी, गप्प.
धुरात ती दिसायची नाहीत,
आम्ही त्यांना चुकवत चालायचो सवयीनं,
अंधारात निजलेल्या माणसाला चुकवावं तसं.

आता पुन्हा मे.
काल पहाटे खोली उघडायला गेले
तर म्हातारा गोंचिग उताराला उभा,
एका हातात कासंडी, एका हातात लाकडी पळी.
दुधाचे थेंब आकाशाला,
मग चारी दिशांना,
मग इकडेतिकडे पाहून
माझ्या खिडकीसमोरच्या काठीच्या बुंध्याशी,
पळीभर.

कोंब फुटलेत की नाही
ते त्याला दिसत नसणार, डोळ्यांत फूल पडलंय.
बोटाने चाचपत होता एकेक फांदी,
कोकराचे दात बघावेत तशी.

मी दार वाजू दिलं नाही.
आत येऊन वही उघडली, तारीख घातली,
आणि पेन धरून बसून राहिले.
दुधाला रकाना नाही माझ्याकडे.